गाळलेली तळटीप

ला पास, ६ मार्च २०१७

कोंपाद्रे,

तुम्ही चिलीत सांतियागोला गेल्यापासून हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. ईमेल केला असता, पण तुमचे ईमेल आता तुमच्या खात्यातली मदतनीस आधी वाचते असं ऐकलं. हे तिनं वाचायला नको, म्हणून कागद घेतला.

तुमची धर्मकन्या मजेत आहे. माझी वायरा तेरा वर्षांची झाली, माझ्या खांद्याच्या वर गेली. ‘धर्मपिता कधी येणार’ हे विचारायचं तिनं बंद केलंय. माझी आई मात्र अजून टोमणा मारते, ‘चिलीवाल्यांनी लढाईत आपला समुद्र नेला तो नेला, वर आपला कोंपाद्रेही नेला!’ त्या बाप्तिस्म्याचा दिवस तुम्हाला आठवतो का? तोवर आपण दोघं अरेतुरे करायचो. पाद्रीनं वायराच्या डोक्यावर पाणी घातलं आणि त्याच दुपारी, बटाट्याचं ताट पुढे करताना, तुम्ही मला एकदम ‘कोमाद्रे, तुम्ही घ्या’ म्हणालात. मला हसू फुटलं, तर आई केवढी रागावली. ‘हसतेस काय? पोरीचा धर्मपिता झाला तो. हे नातं रक्ताहून जड असतं. आता भांडायचं नाही आणि एकमेकांना तू म्हणायचं नाही.’ म्हणून अजून तुम्ही म्हणतेय.

कामासाठी लिहितेय, उगाच आडपडदा कशाला. आमच्या विलाकालानं, म्हणजे ज्या गावावर तुमचं पुस्तक उभं आहे त्या गावानं, निवडणूक कार्यालयाकडे अर्ज केलाय. मागणी एवढीच की आमचा कारभार आमच्या वहिवाटीनं चालू द्या. दरवर्षी पाळीनं एक जोडपं गावप्रमुख होणार, तेही पाटाची राखण, शाळेची देखरेख अशी खालची सगळी कामं केल्यावरच. आणि सभेत हात मोजायचे नाहीत, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही स्वतः त्या सभांत बसून पाय बधिर करून घेतलेत!

विरोध करतोय रेने विल्का, वाळूच्या खाणीवाला. त्यानं जन्मात पाटातला एक दगड उचलला नाही, तेव्हा पाळीनं तो कधीच प्रमुख होणार नाही. मतपेटी आली तर होईल, कारण निम्मं गाव त्याच्या खाणीवर मजुरीला जातं. त्याच्या वकिलानं तुमच्या पुस्तकाचं पान एकशे सत्तेचाळीस जोडलंय. तो आलेख. १९३१ ते १९५२, विलाकालाच्या सभेतली मतं, बाजूची आणि विरोधातली. वकिलाचं म्हणणं, ‘राज्यसंस्था खेड्यात कशी रुजली यावरच्या सगळ्यांत नावाजलेल्या ग्रंथात सिद्ध झालंय की हे लोक शहाऐंशी वर्षांपासून मतदान करतात. मग ही वहिवाट आली कुठून?’

कोंपाद्रे, ती मतं नव्हती. ती माझ्या आजोबांची मेंढरं होती आणि हे तुम्हाला ठाऊक आहे.

तरी पुन्हा लिहिते, म्हणजे कागदावर राहील. आजोबा तोरिबियो गावाचे लेखनिक होते. प्रांताच्या कचेरीनं हुकूम काढला की सभेच्या इतिवृत्तात मतं किती पडली ते लिहा, नाहीतर वही परत येईल. आता जिथं मतं पडतच नाहीत तिथं आजोबांनी काय लिहावं? ते सभेहून घरी यायचे तेव्हा आजी मेंढरं कोंडत असायची. कोंडलेली मोठी मेंढरं किती ती बाजूनं आणि कोकरं किती ती विरोधात. ‘कोकरं कुठं ऐकतात?’ असं म्हणायचे. वीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि कचेरी खूश होती. १९४३ साली मतं एकसष्टवरून एकोणीसवर आली, त्यावर तुम्ही ‘भीतीची वर्षं’ नावाचं प्रकरण लिहिलंत. त्या वर्षी मेंढरांच्या यकृतात किडे झाले होते.

हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ‘तळटीप टाकू’ म्हणालात. टीप क्रमांक दोनशे बारा. पुस्तकात ती नाही. मी समजले, छापखान्याकडून राहिली.

ऑगस्टमध्ये सुनावणी आहे. मला तुमच्याकडून दोनच ओळी हव्यात, सहीनिशी. ते आकडे कचेरीच्या समाधानासाठी लिहिलेले होते, मतदानाचे नव्हते, बस. पुस्तकाला त्यानं काही होणार नाही. एवढं जाड पुस्तक दोन ओळींनी पडत नाही.

तुमची कोमाद्रे,
निकानोरा

•

ला पास, २५ एप्रिल २०१७

कोंपाद्रे,

उत्तर मिळालं. छापील पत्र, विद्यापीठाचं चिन्ह, खाली मदतनीस मुलीची आद्याक्षरं. म्हणजे तिनं वाचलंच.

तुम्ही लिहिलंय, ‘आपल्या गावाच्या लढ्याला शुभेच्छा. तथापि माहितीदारांच्या कौटुंबिक आठवणी कितीही मोहक असल्या तरी लेखी साधनांना त्या पर्याय ठरू शकत नाहीत.’

मी ते वाक्य स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. वायरानं विचारलं, ‘काय लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘शुभेच्छा दिल्यात.’

माहितीदार! सतरा वर्षांपूर्वी तुम्ही विलाकालात आलात तेव्हा आजोबांच्या वह्या उघडून दोन तास पाहत बसला होतात आणि एक ओळ लागली नव्हती. निम्मं स्पॅनिश, निम्मं अयमारा, अक्षर असं की कोंबडी चालून गेल्यासारखं. ते कुणी लावलं? चारशे बारा इतिवृत्तं मी उतरवली. तुम्ही तिकडे परिषदांना गेलात की इथं मी त्या आकड्यांचे तक्ते मांडत बसायचे. मेंढरांचे तक्ते, कोंपाद्रे! कुठलं कोकरू कुठल्या साली होतं हे मी पेन्सिलीनं भरत होते आणि मनात म्हणत होते, टीप आहे ना, टीप आहे. मुखपृष्ठावर दोन नावं असतील असं तुम्ही मला किती वेळा म्हणालात? छापून आलं तेव्हा एकच होतं. माझं ऋणनिर्देशात, चौथ्या परिच्छेदात, ‘स्थानिक माहितीदार नि. लारुता’. माझं नावसुद्धा पुरतं लिहिलं नाहीत.

आणि तुम्ही म्हणता मी सांगितलंच नव्हतं? तसं लिहिलं नाहीत, पण त्या ‘मोहक आठवणी’मध्ये तेच आहे. बाजारातल्या त्या दुकानात आपण जांभळ्या मक्याची गरम आपी पीत होतो. मी तुम्हाला कोकरांचं सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की आपी नाकात गेली. दुकानवाली तुमची पाठ थोपटायला आली. मग तुम्ही पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, ‘आणि तो हंगामी विरोध? दर वर्षी ठरावीक महिन्यांत विरोधी मतं वाढतात त्यावर मी आठ पानं लिहिलीयत.’ मी म्हटलं, ‘मेंढ्या तेव्हाच वितात.’ तेव्हा तुम्ही हसला नाहीत.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी खरी लिहिली नव्हती. टीप छापखान्याकडून राहिली असं मला कधीच वाटलं नव्हतं. सभ्यपणा म्हणून लिहिलं. तुम्हाला अब्रूनिशी मागे फिरायला वाट ठेवावी म्हणून लिहिलं, आणि तुम्ही ती वाट माझ्याच तोंडावर बंद केलीत.

पुन्हा मागते. दोन ओळी. सुनावणी एकोणीस ऑगस्टच्या आठवड्यात आहे.

निकानोरा

•

विलाकाला, २२ जून २०१७

गास्तोन,

आता तू. आईसमोर बसून लिहितेय आणि तरी तू म्हणतेय.

इथं चुन्यो करायचे दिवस आहेत. पहाटेच्या हिवात बटाटे उघड्यावर गोठवायचे आणि ऊन आलं की पायांनी तुडवून पाणी काढायचं. तुला जमायचं नाही, घसरून पडायचास, बाया हसायच्या. आज सकाळी आम्ही दहाबाराजणी तुडवत होतो आणि फेर्मिन तार्की आले, यंदाचे गावप्रमुख. अंगावर प्रमुखाचा तांबडा पोंचो, हातात दंड, आणि चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं.

‘निकानोरा, पोरी, पाय पुसून ये.’

‘काय झालं, तातू?’ मी म्हटलं. वडीलधाऱ्यांना आम्ही तातूच म्हणतो, तूही म्हणायचास.

‘विल्काच्या वकिलानं नवा कागद लावलाय फायलीत. सांतियागोहून आलाय. तुझ्या कोंपाद्रेचा.’

मी म्हटलं, ‘आला शेवटी!’ खरंच म्हटलं मी असं. माझा चेहरा उजळला असणार, कारण फेर्मिन खाली बघायला लागले. म्हणाले, ‘वाच आधी.’

वाचलं. ओल्या पायांनी, बटाट्यांत उभं राहून. ‘मी, डॉ. गास्तोन आर्तेआगा, शपथपूर्वक सांगतो की विलाकाला येथील मतदानाचे आकडे अस्सल असून त्यांच्या सत्यतेबद्दल संशोधनकाळात कोणतीही शंका माझ्यापुढे आलेली नाही.’ खाली तुझी ती लांब शेपटीची सही.

मी तुझ्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. तू दिल्यास. विल्काला दिल्यास!

गप्प बसला असतास तरी मी समजून घेतलं असतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, इंग्रजीत भाषांतर होतंय, वर्तमानपत्रात वाचलं मी. भित्रा माणूस गप्प बसतो, त्यात नवल नाही. पण तू उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसलास. ज्यांच्या ताटात जेवलास, ज्यांच्या घोंगड्यांत झोपलास, त्यांचा केसानं गळा कापलास. आणि तो कशासाठी, तर आलेख सरळ राहावा म्हणून.

आईला मी अयमारामध्ये वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाली, ‘शपथपूर्वक म्हणजे देवासमोर?’

‘हो.’

‘पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलला होता तसं?’

‘तसंच, आई.’

‘मग त्याला शपथ म्हणजे काय ते माहीत नाही बिचाऱ्याला,’ असं म्हणून ती परत बटाटे तुडवायला गेली. मला तिच्या त्या ‘बिचाऱ्या’चा इतका राग आला की मी कागदच भिरकावला. वायरानं उचलला. तिनं वाचला. तुझी सही तिला ओळखता येते, तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तीच आहे. तिनं कागद घडी करून फेर्मिनना दिला आणि म्हणाली, ‘आमच्या घरातला दाखला फाडून टाकू का?’

काय सांगायचं मी तिला, तूच कळव.

फेर्मिन जाताना म्हणाले, ‘पोरी, काही पुरावा? तुझ्या आजोबांनी मेंढरांचं कुठं लिहून ठेवलंय का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘आणि तू त्याला सांगितल्याचं?’

मी म्हटलं, ‘नाही.’

इथं थांबते. थंडी वाढलीय.

निकानोरा लारुता,
माहितीदार

•

ला पास, २४ ऑगस्ट २०१७

गास्तोन,

सुनावणी झाली. तुला वकिलाकडून कळलंच असेल, पण त्यानं जे सांगितलं नसेल ते मी सांगते. आधी मात्र दुसरं काही लिहायला हवं. गेल्या पत्रात फेर्मिनना मी दोनदा ‘नाही’ म्हटलं. पहिलं खरं होतं. दुसरं खोटं.

माझ्या पलंगाखालच्या पेटीत तुझ्या पुस्तकाची शेवटची प्रुफं आहेत. छापखान्यानं परत दिली तेव्हा मी ठेवून घेतली. पान एकशे सत्तेचाळीस, तेच आलेखाचं. खाली बारीक टाइपात टीप क्रमांक दोनशे बारा, सगळी, मेंढरं, कोकरं, आजोबांचं नाव, सगळं. तिच्यावर तुझ्या हिरव्या शाईची आडवी रेघ आणि समासात तुझं अक्षर: ‘काढावी. आलेख लंगडा होतो.’

ती रेघ मी छापून आल्यावर पाहिली नाही. आधी पाहिली. प्रुफं छापखान्यात पोचवायला तू मला पाठवलं होतंस. मिनीबसमध्ये मांडीवर गठ्ठा घेऊन बसले होते, चाळता चाळता ते पान आलं. खाली उतरून तुझ्याकडे परत यायला मला वेळ होता. तुला जाब विचारायला वेळ होता. काहीच नाही तर त्या पानावर ‘टीप राहू द्यावी’ असं लिहून सही करायलाही वेळ होता. मी पान परत गठ्ठ्यात घातलं, कडा जुळवल्या आणि छापखान्याच्या खिडकीतून आत दिला.

कारण आठवडाभर आधीच तू माझ्यासाठी इथल्या विद्यापीठाच्या इतिहास खात्यात शब्द टाकला होतास. नेमणुकीच्या कागदावर अजून सही व्हायची होती. वायरा चार वर्षांची होती, तिचा बाप केव्हाच निघून गेला होता. मी स्वतःला सांगितलं, मेंढरं काय, कोणाला कळणार आहे! नऊ वर्षं मी त्याच खात्यात मुलांना शिकवते की लेखी साधनांवर आंधळा विश्वास ठेवू नका.

आता तुला कळलं असेल मी तुला इतकी वर्षं पत्र का लिहिलं नाही. तुझा राग होता, आणि स्वतःची लाज होती. दोन्ही एकाच पेटीत ठेवलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी फेर्मिनना घरी बोलावलं आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी हिरवी रेघ बोटानं पुसून पाहिली. आमच्या वहीत कधी खोडत नाहीत, तुला माहीत आहे. चूक झाली तर पान तसंच ठेवायचं, ज्याची चूक त्यानं खाली खरं लिहायचं आणि सही करायची.

‘म्हणजे तुला माहीत होतं,’ ते म्हणाले.

‘हो, तातू.’

‘जूनमध्ये मी विचारलं तेव्हाही.’

‘हो.’

‘हे उद्या दाखवलंस तर तुझ्या खात्यातले काय म्हणतील?’

‘खोट्या पुस्तकाचं काम केलं म्हणतील. आणि ते खरंच आहे.’

त्यांनी कोकाची पिशवी काढली, मला पानं दिली. आम्ही दोघं चघळायला लागलो. मग म्हणाले, ‘मी तुला दाखव म्हणणार नाही. दाखवू नको असंही म्हणणार नाही. तुझं तुझ्याशी एक होऊ दे.’ सभेतच बसल्यासारखे बोलले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सुनावणीला अधिकारी एक तरुण बाई होत्या, अगदी माझ्या विद्यार्थिनीसारख्या. विल्काचा वकील तुझं प्रतिज्ञापत्र वाचायला लागला. काय नाटकी आवाज! मग मला विचारलं, ‘तुमचा या ग्रंथाशी संबंध?’

‘मी माहितीदार.’

‘म्हणजे गावातल्या बाई?’ वकील हसला.

‘हो, गावातली. आणि हे तक्ते मांडणारी. आणि ही प्रुफं छापखान्यात नेणारीही मीच.’

मी पान टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा लावला. टीप वाचली. कोकरांच्या ओळीला त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, मी पाहिलं. मग समासातलं वाचलं आणि तुझं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवलं. अक्षर, सही, दोन्ही.

‘संशोधनकाळात कोणतीही शंका पुढे आलेली नाही,’ त्यांनी तुझं वाक्य हळू वाचलं. मग मला विचारलं, ‘बाई, हे तुमच्याकडे किती वर्षं होतं?’

‘नऊ.’

‘आणि तुम्ही आज आणताय?’

मी ‘हो’ म्हटलं. मागच्या बाकावर आई होती, तिला स्पॅनिश फारसं येत नाही, पण तेवढं कळलं तिला. तिनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

निकाल ऑक्टोबरमध्ये. खात्याचं पत्र मात्र तिसऱ्या दिवशीच आलं. पुढच्या सत्रापासून माझी गरज नाही. छापील पत्र, विद्यापीठाचं चिन्ह. तुझ्याकडून आलं होतं अगदी तसंच, बघ.

मला तुझा राग आहे, गास्तोन. माझी चूक कबूल केल्यानं तो कमी झालेला नाही. कमी होईल असं मला वाटलं होतं.

निकानोरा

•

विलाकाला, २ जानेवारी २०१८

कोंपाद्रे,

पुन्हा तुम्ही. का, ते शेवटी कळेल.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पाळी राहिली. विल्कानं अपील केलंय, करू दे. काल वर्षारंभी नव्या जोडप्याला प्रमुखाचा दंड आणि वही सोपवली. आणि वर्षभराची लेखनिक म्हणून मला बसवलंय. माझी पाळी केव्हाचीच आली होती, शहरात राहते म्हणून मी दर वर्षी टाळायचे. आता शहरात मला काही काम नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. फेर्मिन म्हणाले, ‘आजोबांची जागा आहे. मेंढरं आणतेस का सोबत?’ सगळ्या मैदानभर हशा. मीही हसले, पुष्कळ दिवसांनी.

वही ज्या रंगीत विणीच्या रुमालात, आवायोत, बांधलेली असते तो सोडला आणि मी आजोबांच्या पानांच्या पुढे नवं पान लिहिलं. ‘१९३१ ते १९५२ मधली मतं ही मतं नव्हती. माझ्या आजोबांनी हे नाइलाजानं लिहिलं. मी हे जाणून गप्प राहिले.’ खाली सही केली. मग वायरानं उभं राहून ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. स्पॅनिशमध्ये आणि अयमारामध्ये. आवाज कुठंही हलला नाही तिचा.

मग तुमचा विषय निघाला. सभेनं ठरवायचं होतं, तुमच्या पुस्तकाचं काय करायचं. एक म्हणाला जाळा. दुसरा म्हणाला, ‘जाळलं तर शहरात हजार प्रती आहेत, त्यांचं काय करशील, बाबा?’ शेवटी आमच्या शेजारची बासिलिया उठली, नव्वदीची म्हातारी, तुम्हाला चुन्यो तुडवायला शिकवणारी. म्हणाली, ‘चूक त्याची आहे, तर आपल्या रिवाजानं करा. पुस्तक वहीबरोबर बांधा. ते टिपेचं पान त्यात चिकटवा. खाली निकानोराची सही आणि तिच्या शेजारी त्याच्या सहीची जागा ठेवा.’

लोकांना पटायला लागलं. एकेक जण ‘बरं’ म्हणत गेला. मला पटेना. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, ‘जागा कशाला? तो येणार नाही. रिकामी जागा दर वर्षी बघत बसायची का आम्ही?’

‘येईल की नाही ते त्याचं,’ आई म्हणाली. ‘कोंपाद्रे आहे तो. कोंपाद्रे काही खोडता येत नाही.’

‘त्यानं आपल्याला खोडलं ना, आई!’ मी ओरडलेच. सभेत ओरडत नाहीत. कुणी उठेना. तुम्हाला माहीत आहे आमची रीत. एक माणूस अडला की सगळं गाव बसून राहतं. बटाटे थंड झाले, पोरं रडायला लागली, डोंगरावरून वारा सुटला, आणि दोनशे माणसं माझ्याकडे न बघता माझ्यासाठी थांबून राहिली. माझ्या मनातला सगळा राग मी एकेक काढून पाहिला. मुखपृष्ठ, आपी, शुभेच्छा, ते प्रतिज्ञापत्र. एकही कमी झाला नव्हता. ऊन शाळेच्या भिंतीवर चढलं तेव्हा वायरा माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या हातात लेखणी दिली.

मी ‘बरं’ म्हटलं. मनापासून नाही म्हटलं, पण म्हटलं, म्हणून पुन्हा कोंपाद्रे आणि पुन्हा तुम्ही. कचेरीच्या छापील नमुन्यात मतांचा रकाना अजून आहे. त्यात मी आकडा घातला नाही, मेंढरांचाही नाही. खाली लिहिलं, ‘सगळ्यांचं एक झालं. लेखनिकाचं सर्वांत शेवटी.’

पुस्तक आता वहीबरोबर बांधलेलं आहे. दर एक जानेवारीला ते पान मोठ्यानं वाचतील. माझं नाव वाचतील, मग तुमचं वाचतील आणि शेजारच्या कोऱ्या जागेशी आले की जरा थांबतील.

निकानोरा लारुता,
लेखनिक, विलाकाला